उद्यान सर्वांचे, पण केव्हा कोणाचे?

सार्वजनिक उद्यानाच्या प्रवेशद्वारावरील फलक हा आपल्या नागरी जीवनातील सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर असावा. फुले तोडू नयेत, हिरवळीवर चालू नये, चेंडू खेळू नये आणि कुत्र्यांना आत आणू नये, अशी निषेधांची एक लांबलचक माळच तेथे टांगलेली असते. महाराष्ट्रातील अनेक महापालिकांच्या उद्यानांत यांतील शेवटचा निषेध ठळक अक्षरांत लिहिलेला आढळतो, आणि तो मोडला जातो तोही तितक्याच ठळकपणे. भल्या पहाटे, पहारेकऱ्याच्या ओळखीने किंवा त्याच्या अनुपस्थितीत, पाळीव कुत्रे आत येतात. त्यांपैकी काहींचे पट्टेही सोडले जातात. नियम पाळणारा मालक मात्र आपला कुत्रा घेऊन वाहनांच्या गर्दीतून रस्त्याच्या कडेने फिरत राहतो. नियम मोडणाऱ्याला हिरवळ आणि पाळणाऱ्याला डांबर, अशी ही वाटणी आहे. ज्यांच्या संरक्षणासाठी हा फलक लावला, ती लहान मुले, वृद्ध माणसे आणि नुसत्या भुंकण्यानेही ज्यांच्या छातीत धस्स होते असे असंख्य नागरिक, यांच्या पदरी यातून काय पडते? आत गेल्यावर मोकळा कुत्रा अंगावर येईल की नाही, हे दाराशी उभे असताना त्यांना कधीच सांगता येत नाही.

वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटेल. पाणीटंचाई, कचरा, खड्डे आणि वाहतुकीची कोंडी यांनी ग्रासलेल्या शहरांनी कुत्र्यांच्या फेरफटक्याची चिंता कशाला वाहावी, असे कोणीही विचारील. तथापि मर्यादित सार्वजनिक मालमत्ता परस्परविरोधी गरजा असलेल्या नागरिकांमध्ये कशी वाटावी, हाच या प्रश्नाचा गाभा आहे. आणि तोच पाण्याच्या, पदपथाच्या व मैदानाच्या प्रश्नाचाही गाभा आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी शहरात दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. मुंबईत ती दरडोई एक-सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे. एवढ्याशा जागेत माणसाने पाय पसरावेत की कुत्र्याने धावावे, हा वाद उपस्थित होणे अपरिहार्य होते. सदनिकांमध्ये कुत्रे पाळणाऱ्यांची संख्या वाढत आहे आणि जागा आहे तेवढीच राहणार आहे. अशा वेळी केवळ निषेधाचा फलक लावून मोकळे होणे म्हणजे प्रश्न पहारेकऱ्याच्या गळ्यात टाकणे होय.

कायद्याचे दोन हात

या बाबतीत आपल्या कायद्याचा डावा हात काय करतो हे उजव्या हाताला ठाऊक नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आपल्याकडे आहे. त्याच्या ११ व्या कलमात क्रूरतेचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत नेहमी साखळीने बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही एक प्रकार आहे. म्हणजे कुत्र्याला फिरवणे ही मालकाची हौस नसून ते त्याच्यावर कायद्याने टाकलेले कर्तव्य आहे. पहिल्या अपराधाबद्दल या कायद्याने सांगितलेला दंड मात्र १० ते ५० रुपये इतकाच असल्यामुळे ते कर्तव्य कोणाच्या लक्षात राहिले नाही. दुसऱ्या बाजूस, भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगते. कुत्र्याला मोकळीक द्या, असे एक कायदा बजावतो; मोकळा सोडलात तर याद राखा, असे दुसरा बजावतो. त्याने धावायचे कोठे आणि केव्हा, हे सांगण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचे आहे, आणि तिने दारावर मनाईचा फलक लावून त्या कामातून अंग काढून घेतले आहे.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या पेचातून निघण्याची वाट सुचवली होती. बागांमधून पाळीव प्राण्यांना सरसकट हद्दपार करणे अदूरदर्शीपणाचे आहे, पुरेसा व्यायाम मिळालेला कुत्रा कमी आक्रमक असतो आणि इतर रहिवाशांची गैरसोय होणार नाही अशा वेळा ठरवून घेता येतील, असा त्या सूचनांचा आशय होता. पण सूचना म्हणजे नियम नव्हे. निवासी संघांनी त्या आपापल्या सोयीने वाचल्या; कुत्रे पाळणाऱ्यांनी त्यातला हक्क तेवढा उचलला, न पाळणाऱ्यांनी वेळेची अट तेवढी उचलली, आणि महापालिकांनी काहीच उचलले नाही.

न्यूयॉर्कचे घड्याळ

अशा वेळा ठरवून दिल्याने काय साधते, हे न्यूयॉर्क शहराच्या अनुभवावरून पाहण्यासारखे आहे. ते शहर प्राणिप्रेमाचे नंदनवन आहे म्हणून नव्हे, तर दाट वस्ती, उंच इमारती आणि अंगण नसलेली घरे यांबाबत त्याचे मुंबईशी साम्य आहे म्हणून. तेथील आरोग्य संहितेनुसार सार्वजनिक ठिकाणी कुत्रा सहा फुटांहून लांब नसलेल्या पट्ट्याने बांधलेला असावा लागतो. १ ऑगस्ट १९७८ पासून तेथे एक राज्य कायदा अमलात आला आणि आपल्या कुत्र्याची विष्ठा मालकाने स्वतः उचलली पाहिजे, असे बंधन पडले. लक्षावधी माणसे दररोज हातात कागद घेऊन रस्त्यावर वाकतील, या कल्पनेला त्या वेळी हसणारे पुष्कळ होते. परंतु कालांतराने माणसे वाकू लागली. त्याचे श्रेय पोलिसांपेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेला अधिक आहे. एकदा नियम स्पष्ट झाला, की तो मोडणाऱ्याला हटकण्याचे बळ सामान्य माणसाला येते.

त्यानंतरच्या दशकात उद्यान खात्याने आणखी एक प्रथा पडू दिली. सकाळी नऊच्या आधी आणि रात्री नऊनंतर, मोठ्या उद्यानांच्या ठराविक भागांत कुत्र्यांना मोकळे सोडले तर त्याकडे कानाडोळा करावा, अशी ही सौजन्याची वेळ होती. सुमारे दोन दशके ती केवळ खात्याच्या मर्जीवर चालली. २००६ मध्ये क्वीन्स विभागातील ज्युनिपर व्हॅली पार्कच्या परिसरातील नागरिकांच्या एका संघटनेने तिला न्यायालयात आव्हान दिले. आरोग्य संहिता सर्व काळ पट्टा बांधा असे सांगते, तर एका खात्याला तिच्यातून सूट देण्याचा अधिकार कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. न्यायालयाचा निर्णय शहराच्या बाजूने लागला. पण नगर प्रशासनाने त्या विजयावर समाधान मानले नाही. आरोग्य मंडळाने संहितेतच दुरुस्ती केली आणि २००७ मध्ये ही प्रथा उद्यानांच्या लेखी नियमांत समाविष्ट झाली.

तो नियम सविस्तर पाहण्यासारखा आहे. उद्यान उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊपासून ते बंद होईपर्यंत, फक्त नेमून दिलेल्या जागी, कुत्र्याला मोकळे सोडता येते. मुलांच्या खेळण्याच्या जागा त्यातून कायमच्या वगळल्या आहेत. कुत्र्याचा परवाना आणि रेबीजप्रतिबंधक लस टोचल्याचा दाखला मालकाजवळ असावा लागतो, कुत्रा त्याच्या ताब्यात असावा लागतो आणि घाण त्यानेच उचलावी लागते. नऊ वाजले, की पट्टा पुन्हा गळ्यात आलाच पाहिजे.

या नियमाचे वर्णन कुत्र्यांना दिलेले स्वातंत्र्य असे केले जाते. वस्तुतः त्याचा खरा लाभ कुत्रे नसलेल्यांना मिळाला आहे. कुत्र्याला भिणारी आजी दहा वाजता नातवाला घेऊन निघाली, तर मोकळ्या कुत्र्याशी गाठ पडू नये अशी व्यवस्था आहे, हे तिला ठाऊक असते. आणि पडलीच तर चूक कोणाची याबद्दल वाद उरत नाही. सर्वकाळ मनाई असूनही ती कोणी पाळत नसेल, तर हीच आजी चोवीस तास धास्तावलेली राहते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर अनिश्चितता हीदेखील एक किंमत असते, आणि आपल्या उद्यानांत ती किंमत नेमकी दुर्बळांकडून वसूल केली जाते.

पाणीपाळीचा न्याय

वेळेने वाटणी करण्याची ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर शेकडो वर्षे चाललेली फड पद्धती हे तिचे उत्तम उदाहरण होय. बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे. पण कोणत्या फडाला ते केव्हा आणि किती वेळ मिळेल हे ठरलेले असे, आणि त्या पाळीची अंमलबजावणी करणारा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला असे. पाणी सर्वांचे आहे म्हणून कोणीही कधीही दार उघडावे, असे तेथे चालत नसे. आणि भांडणे होतात म्हणून पाटच बंद ठेवावा, असेही कोणास सुचले नाही. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील अशा सामायिक मालमत्तांचा अभ्यास करून जे निष्कर्ष काढले, ते याच्याशी जुळतात. नियम स्थानिक परिस्थितीला साजेसे असावेत, ज्यांना ते पाळायचे त्यांचा ते ठरवण्यात सहभाग असावा, देखरेख करणारा त्यांना उत्तरदायी असावा आणि शिक्षा अपराधाच्या प्रमाणात पायरीपायरीने वाढत जावी, या अटी जेथे पूर्ण होतात तेथे सामायिक मालमत्ता टिकते. आपल्या उद्यानांच्या फलकाला यांतील एकही अट लागू पडत नाही.

स्थानिक सहमतीवाचून नियम करू गेल्यास काय होते, याचे उदाहरणही अमेरिकेतच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील गोल्डन गेट या राष्ट्रीय विहारक्षेत्रात १९७९ च्या एका धोरणानुसार काही जागी कुत्रे मोकळे सोडता येत असत. २००१ मध्ये केंद्रीय उद्यान सेवेने हे धोरण कायद्याला धरून नाही असे जाहीर केले. त्यानंतर खटले, अहवाल, सुनावण्या आणि आराखडे यांचे सत्र सुरू झाले. २०१६ मध्ये एक तपशीलवार नियमावली प्रस्तावित झाली आणि २०१७ च्या अखेरीस ती सोडून देण्यात आली. सोळा वर्षांच्या खटाटोपातून नवा नियम काही निघाला नाही. ब्रिटनने याउलट निर्णयाचा अधिकार खाली सोपवला. तेथील २०१४ च्या एका कायद्यानुसार स्थानिक परिषदांना आपापल्या भागासाठी आदेश काढता येतात. खेळाच्या जागेत कुत्र्यांना मनाई, अमुक ठिकाणी पट्ट्याची सक्ती, घाण न उचलल्यास जागच्या जागी दंड, अशा गोष्टी त्यांत ठरवता येतात. त्यासाठी आधी विचारविनिमय करावा लागतो, आणि असा आदेश एका वेळी तीन वर्षांपेक्षा अधिक काळ चालत नाही. पुढे चालू ठेवायचा तर त्याचे पुन्हा समर्थन करावे लागते. आपल्याकडे एकदा रंगवलेला फलक गंजून पडेपर्यंत तसाच राहतो, हे लक्षात घेता ही मुदतीची अट मोलाची आहे.

नक्कल नको

एवढे सांगितल्यावर न्यूयॉर्कचा नियम उचलून शिवाजी पार्कला किंवा संभाजी उद्यानाला डकवावा, असे कोणी म्हणेल तर ती मोठी चूक ठरेल. ज्या २००७ साली न्यूयॉर्कने हा नियम लेखी केला, त्याच साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने कुत्र्यांमध्ये एकमेकांना होणारा रेबीजचा प्रकार त्या देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले, हे विसरता कामा नये. रेबीज तेथील वन्य प्राण्यांत आजही आहे. पण उद्यानात भेटणाऱ्या कुत्र्यापासून तो होण्याची धास्ती जवळजवळ उरलेली नाही. आपल्याकडची परिस्थिती फार वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू भारतात होतात. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. लक्षणे दिसू लागल्यावर ज्या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्या रोगाच्या छायेत जगणाऱ्या समाजाला मोकळ्या कुत्र्याचे भय वाटते, त्याला भ्याडपणा किंवा प्राणिद्वेष म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा होय.

दुसरा फरक भटक्या कुत्र्यांचा. आपल्या उद्यानात मोकळा सोडलेला पाळीव कुत्रा एकटा धावत नाही. कुंपणाच्या फटीतून आलेले भटके कुत्रे त्याच्या मागे लागतात आणि त्या झटापटीत भलत्याच माणसाचा चावा घेतला जातो. भटक्या कुत्र्यांचा वाद २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात किती पेटला, हे सर्वांनी पाहिले आहे. दिल्ली परिसरातील कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा ११ ऑगस्टचा आदेश २२ ऑगस्टला बदलला गेला. निर्बीजीकरण व लसीकरण झालेले कुत्रे, पिसाळलेले वा आक्रमक नसल्यास, मूळ जागी परत सोडावेत आणि त्यांना खाऊ घालण्यासाठी प्रत्येक वॉर्डात जागा नेमून द्याव्यात, असे नव्या आदेशात सांगण्यात आले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांबाबत अधिक कडक निर्देश आले. या कोलाहलात पाळीव कुत्र्यांच्या मालकांची जबाबदारी मात्र चर्चेतून सोयीस्करपणे निसटली. रस्त्यावरील कुत्र्याला मालक नाही, म्हणून त्याच्याबाबत समाज हतबल आहे, असे निदान म्हणता तरी येईल. ज्याच्या गळ्यात किमती पट्टा आहे, त्याच्या बाबतीत अशी हतबलता कशासाठी?

हवामान आणि सवयी हा तिसरा फरक. न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊपूर्वीचा काळ तुलनेने रिकामा मानला गेला. आपल्याकडे पहाटे पाच ते आठ हीच उद्यानांची सर्वाधिक गर्दीची वेळ. निवृत्त मंडळींची प्रभातफेरी, योगवर्ग आणि हास्यसंघ यांनी ती व्यापलेली असते. संध्याकाळ मुलांची. अनेक उद्याने दुपारी बंद असतात, आणि उघडी ठेवली तरी वैशाखातल्या तापलेल्या वाटेवर कुत्र्याचा पाय ठरणार नाही. तेव्हा घड्याळाचे तत्त्व घ्यावे, त्याचे आकडे घेऊ नयेत. कोठे रात्री साडेआठनंतरचा एक तास सोयीचा ठरेल, कोठे सकाळी आठनंतरचा. हे मुख्यालयात बसून सर्व शहरासाठी ठरवता येणार नाही. उद्यानागणिक, तेथे येणाऱ्यांना विचारूनच ते ठरवावे लागेल.

किंमत कोणी मोजावी?

या वादात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. पाळीव कुत्र्याचा आनंद मालकाला मिळतो. त्याचा खर्च कोण सोसतो? हिरवळीवर आणि पदपथावर पडलेली घाण पहाटे कोण उचलतो? पालिकेचा सफाई कामगार आणि उद्यानातील माळी. आपल्या समाजात हे काम कोणत्या जातींच्या माथी मारले गेले आहे, हे सांगण्याची गरज नाही. कुत्र्यावर महिन्याला हजारो रुपये खर्च करणाऱ्या घराने त्याची घाण मात्र जन्माने ठरलेल्या एखाद्या माणसाने काढावी असे गृहीत धरणे, ही नुसती अस्वच्छता नव्हे, ती जुनी विषमता आहे. न्यूयॉर्कच्या १९७८ च्या कायद्याने हा खर्च ज्याचा त्याला परत केला, हेच त्याचे मोठे यश.

पट्ट्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात असते, हेही पाहिले पाहिजे. अनेकदा ते मालकाच्या हातात नसून घरकामाच्या किंवा इमारतीच्या पहाऱ्याच्या नोकरीवरील एखाद्या मुलाच्या हातात असते. दंड आकारायचा तर तो या मुलाच्या तुटपुंज्या पगारातून जाईल आणि मालकाच्या कानावरही येणार नाही. यासाठी कुत्र्याच्या गळ्यात परवान्याचा क्रमांक असलेला बिल्ला असलाच पाहिजे आणि दंड त्या क्रमांकाच्या धन्याच्या नावेच निघाला पाहिजे. मुंबई-पुण्याच्या महापालिकांत कुत्र्यासाठी परवाना घेण्याची तरतूद आहेच. पण परवाना घेतल्याने काही मिळत नाही आणि न घेतल्याने काही बिघडत नाही, म्हणून बरेच जण त्या वाटेला जात नाहीत. उद्यानातील वेळ परवानाधारकांनाच मिळेल असे ठरवले, तर परवाना घेण्याला अर्थ येईल. परवान्याबरोबर लसीकरणाचा दाखला येईल आणि शहरात पाळीव कुत्रे किती याची गणतीही होईल. परवान्याचे शुल्क उद्यानाच्याच कामी यावे, म्हणजे कुत्रे न पाळणाऱ्यालाही या व्यवस्थेतून काही मिळते, हे त्याला दिसेल.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे. ज्या शहरांत झोपडपट्टीतील मुलांना खेळायला मैदान नाही, तेथे सुखवस्तूंच्या कुत्र्यांसाठी जागा राखावी काय? खचित नाही. लहान उद्यानातील एक फूटही जागा यासाठी तोडू नये. तेथे पट्टा बांधलेल्या कुत्र्याला ठराविक वेळी वाटेवरून फिरू देणे एवढेच शक्य आहे, आणि जेथे तेही शक्य नसेल तेथे मनाई राहू द्यावी. पण मग ती पाळली गेली पाहिजे. मोकळे सोडण्याची मुभा मोठ्या उद्यानांतच, दुहेरी दाराच्या कुंपणाआड द्यावी. हैदराबाद महानगरपालिकेने कोंडापूर भागात २०१८ मध्ये सुमारे १.३ एकरांचे खास कुत्र्यांचे उद्यान उघडले, ते अशाच कुंपणबंद जागेचे उदाहरण आहे. मुलांचे झोपाळे, घसरगुंडी आणि वाळूचा हौद यांच्या आसपास कोणत्याही वेळी, कोणताही कुत्रा नसावा. अंधांना वाट दाखवणारे प्रशिक्षित कुत्रे हा एवढाच अपवाद.

पहारेकऱ्याच्या हाती काय द्यावे?

अंमलबजावणीच्या बाबतीत मुंबईच्याच इतिहासातील एक धडा स्मरणात ठेवावा. १८३२ च्या जून महिन्यात सरकारने भटके कुत्रे मारण्याची मोहीम काढली आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारातूनही कुत्रे ओढून नेऊ लागले. कुत्र्याला धर्मात मानाचे स्थान देणारा पारशी समाज त्यामुळे प्रक्षुब्ध झाला आणि कोटातील व्यवहार बंद पडून दंगल उसळली. नियमाच्या अंमलबजावणीला वैयक्तिक फायदा जोडला, की नियम बाजूला राहतो आणि फायदाच चालू लागतो. दंडातील वाटा कंत्राटदाराला देण्याचा मोह आजच्या महापालिकांनाही होतो. तो त्यांनी या बाबतीत तरी टाळावा. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी दंड आणि तिसऱ्या वेळी उद्यानापुरता परवाना काही महिने स्थगित, अशी चढती शिक्षा पुरेशी आहे. चावा घेतला गेला तर तो दंडाचा विषय राहत नाही. तेथे न्याय संहितेनेच काम केले पाहिजे आणि जखमीच्या उपचाराचा खर्च मालकावर पडला पाहिजे.

हे ठरवायचे कोणी? राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी वॉर्ड समित्यांची तरतूद केली, ती अशाच प्रश्नांसाठी. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते आणि प्रशासकांच्या कारभारात असल्या बारीकसारीक गोष्टींना वाली नव्हता. जानेवारी २०२६ मधील निवडणुकांनंतर ती सबबही उरलेली नाही. वॉर्ड समितीने उद्यानातच सभा बोलवावी; तीत कुत्रे पाळणारे असावेत, त्यांना भिणारे असावेत, मुलांच्या आया असाव्यात आणि माळी व सफाई कामगारही असावेत. वेळ, जागा आणि दंड ठरवून तो नियम तीन वर्षांच्या मुदतीने लिहून काढावा. तो चुकीचा ठरला तर मुदतीनंतर बदलावा.

या सभेत भांडणे होतील. कुत्रे पाळणारे दुसऱ्यांना निर्दय म्हणतील आणि दुसरे त्यांना शिष्ट म्हणतील. तथापि हे भांडण आजही होतच आहे. ते उद्यानाच्या दारात पहारेकऱ्याच्या डोक्यावर होते आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने त्याचा निकाल लागतो. प्राणिप्रेमाला आमचा विरोध नाही, असे सर्वच जण म्हणतात. प्रश्न प्रेमाचा नाहीच. आपल्या प्रेमाची झळ शेजाऱ्याच्या मुलाला, वृद्धाला आणि झाडूवाल्याला लागणार नाही एवढी हमी देण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्या कुत्र्याला या शहरात धावायला एक तास आणि एक कोपरा मिळाला पाहिजे. ज्याची तयारी नाही, त्याला तो मागण्याचा अधिकार नाही. निषेधाच्या जुन्या फलकावर या दोहोंतला फरक लिहिण्याची सोय नव्हती. नव्या नियमाने निदान एवढे तरी करावे.